शपथ न घेणारी माणसं

सोळाव्या शतकात जर्मन आणि स्विस मुलखातलं एखादं शहर कशाच्या जोरावर उभं होतं, असं विचारलं तर आपण तटबंदी, बाजारपेठ, चर्च अशी उत्तरं देऊ. त्या काळच्या माणसाने आधी शपथेचं नाव घेतलं असतं. स्ट्रासबुर्गमध्ये दर जानेवारीत सगळे नागरिक कॅथेड्रलसमोर जमत आणि हात वर करून शहराशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेत. दुकान थाटायचं, व्यवसाय-संघात शिरायचं, कोर्टात साक्ष द्यायची, पहाऱ्यावर उभं राहायचं, प्रत्येक ठिकाणी देवाचं नाव घेऊन शपथ घ्यावी लागे. तुरुंगातून सुटणाऱ्यालासुद्धा 'मी सूड घेणार नाही, परत इथे येणार नाही' अशी शपथ घातल्याशिवाय दार उघडत नसे. शपथ नाकारणारा माणूस म्हणजे ज्याच्यावर कसलाच भरवसा ठेवता येत नाही असा माणूस.

अशा जगात काही विणकर, शेतकरी, शिंपी, माजी साधू आणि जोगिणी म्हणू लागले, की आम्ही शपथ घेणार नाही. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात ती घेऊ नका असं सांगितलं आहे, आणि त्याने सांगितलेलं आम्ही खरंच करायचं ठरवलं आहे. या माणसांना इतिहास अ‍ॅनाबॅप्टिस्ट म्हणून ओळखतो. हे नाव त्यांचं नव्हे, विरोधकांनी दिलेलं: पुन्हा बाप्तिस्मा देणारे. त्यांच्याविषयी लिहिताना बहुतेक जण बाप्तिस्म्याच्या वादापाशी थांबतात. मला त्यांच्या रोजच्या जगण्यातली सचोटी आणि ती सचोटी टिकवण्यासाठी त्यांनी केलेला विचार जास्त मोलाचा वाटतो. श्रद्धा रविवारच्या प्रार्थनेपुरती न ठेवता बाजारात, कोर्टात आणि थेट शत्रूसमोर कशी चालवायची, हा त्यांचा प्रश्न होता. त्याचं उत्तर त्यांनी शोधलं आणि त्याची किंमतही मोजली.

सुरुवात झाली झ्युरिकमध्ये. धर्मसुधारक उलरिख झ्विंगली तिथल्या ग्रोसम्युन्स्टर या मोठ्या चर्चमध्ये प्रवचन देत होता आणि त्याच्याभोवती काही तरुण ग्रीक भाषेतून नवा करार वाचायला जमत. त्यांच्यात कॉनराड ग्रेबेल हा नगरपरिषदेतल्या एका वजनदार सभासदाचा मुलगा होता, व्हिएन्ना आणि पॅरिसला शिकून आलेला. फेलिक्स मान्ट्स हा हिब्रूचा जाणकार. वाचता वाचता या तरुणांना वाटू लागलं, की पवित्र शास्त्रातून एखादी गोष्ट स्पष्ट दिसली तर ती आजच करावी. झ्विंगलीचं म्हणणं होतं, की सुधारणा नगरपरिषदेच्या संमतीने, तिच्या गतीने व्हावी. खरा तडा इथे गेला. लहान बाळाला बाप्तिस्मा द्यावा की नाही हा वाद त्यातून पुढे आला. ज्याला काही कळत नाही, ज्याने काही ठरवलेलं नाही, त्याला ख्रिस्ताचा अनुयायी कसं म्हणायचं, असं हे तरुण विचारू लागले. सप्टेंबर 1524 मध्ये ग्रेबेलने थॉमस म्युन्ट्झर या बंडखोर धर्मगुरूला पत्र लिहिलं. त्यात त्याने शुभवर्तमानाचं रक्षण तलवारीने करायचं नसतं असं त्याला बजावलं होतं. बाप्तिस्म्याची ठिणगी अजून पडायची होती, तरी तलवारीविषयीचा निर्णय आधीच झाला होता.

जानेवारी 1525 मध्ये नगरपरिषदेने हुकूम काढला: बाप्तिस्मा न झालेल्या बाळांना आठ दिवसांच्या आत बाप्तिस्मा द्या, नाहीतर शहर सोडा. त्यानंतर काही दिवसांतच, 21 जानेवारीच्या रात्री, ही मंडळी मान्ट्सच्या आईच्या घरी जमली. गेऑर्ग ब्लाउरॉक नावाच्या माजी धर्मगुरूने ग्रेबेलकडे बाप्तिस्मा मागितला, ग्रेबेलने तो दिला आणि मग ब्लाउरॉकने बाकीच्यांना दिला. तिथे ना चर्च होतं, ना बिशप, ना परवाना.

पुढच्या काही दिवसांत ही गोष्ट झ्युरिकजवळच्या झोलिकोन या गावी पोहोचली. तिथले शेतकरी एकमेकांच्या घरी जमून वाचत, रडत, भाकरी मोडून प्रभुभोजन घेत. सेंट गालेनच्या योहानेस केसलर या बखरकाराने नोंद केली आहे, की या लोकांनी दारांची, पेट्यांची, तळघरांची कुलपं काढून टाकली आणि अन्नपाणी सगळ्यांचं मिळून वापरलं. केसलर त्यांचा अनुयायी नव्हता, म्हणून त्याचा शब्द मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बाप्तिस्मा घेतल्यावर या शेतकऱ्यांनी पहिला हात घातला तो घरातल्या कुलपाला. थोड्याच दिवसांत शिपाई आले आणि गावातल्या वीस-पंचवीस पुरुषांना धरून झ्युरिकला घेऊन गेले.

त्याच वर्षी जर्मनीत शेतकऱ्यांचं मोठं बंड उसळलं आणि जमीनदारांनी ते अमानुषपणे चिरडलं. त्यामुळे परवानगीशिवाय जमणारी माणसं दिसली की सत्ताधाऱ्यांना बंडाचा वास येई. मार्च 1526 मध्ये झ्युरिकने पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्याला बुडवून मारण्याची शिक्षा जाहीर केली. 5 जानेवारी 1527 रोजी फेलिक्स मान्ट्सला माशांच्या बाजाराजवळून लिमाट नदीवर नेलं, हात बांधून गुडघ्यांवरून खाली ओढले, गुडघे आणि कोपरांमधून काठी घातली आणि होडीतून पाण्यात लोटलं. त्याची आई आणि भाऊ काठावर उभे होते. डगमगू नकोस, असं ते त्याला ओरडून सांगत होते. मारणारं शहर सुधारणावादी होतं, पोपची सत्ता झुगारून दिलेलं. ग्रेबेल त्याआधीच प्लेगने गेला होता. ब्लाउरॉकला 1529 मध्ये टिरोलमध्ये जाळलं. त्याच वर्षी श्पायरच्या राजसभेने साऱ्या पवित्र रोमन साम्राज्यात अ‍ॅनाबॅप्टिस्टांना देहदंड फर्मावला. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट राजे इतर बाबतींत भांडत होते, या एका बाबतीत त्यांचं एकमत होतं.

आता शपथेकडे वळू. मिखाएल झाटलर हा ब्लॅक फॉरेस्टमधल्या सेंट पीटरच्या मठाचा उपप्रमुख होता. मठ सोडून त्याने मार्गारेथा नावाच्या स्त्रीशी लग्न केलं. तीही पूर्वी बेगीन स्त्रियांच्या धार्मिक संघात राहत होती. 1525 च्या शेवटी झाटलर झ्युरिकमध्ये पकडला गेला आणि 18 नोव्हेंबरला सुटला, तो तीच सुटकेची शपथ घेऊन. त्यानंतरच्या सव्वा वर्षात त्याच्या मनात काय उलथापालथ झाली असेल ते कागदांवर उरलेलं नाही. एवढं मात्र दिसतं, की 24 फेब्रुवारी 1527 रोजी शाफहाउजनजवळच्या श्लाइटहाइम या गावी विखुरलेल्या मंडळ्यांची माणसं जमली आणि त्यांनी सात कलमांवर एकमत केलं. ती मुख्यतः झाटलरच्या हातची होती आणि त्यातलं सातवं कलम शपथेविरुद्ध होतं. ज्या माणसाने शपथ घेऊन स्वतःची सुटका करून घेतली होती, त्यानेच हे कलम लिहिलं.

ते कलम वाचताना नजरेत भरते ती त्यातली विचाराची शिस्त. नुसतं 'ग्रंथात लिहिलं आहे' म्हणून ते थांबत नाही. समोरचा काय म्हणेल ते आधी मांडतं. देवाने स्वतः अब्राहामाला शपथेवर वचन दिलं, मग माणसाने का देऊ नये? उत्तर असं: देवाने दिलेलं वचन पुरं करायला कोणी त्याला अडवू शकत नाही, माणसाच्या हाती तर स्वतःचा एक केस पांढरा किंवा काळा करणंही नाही. मग विचारलं जातं, प्रेषितांनी साक्ष दिली नाही का? कलम सांगतं, साक्ष वेगळी आणि शपथ वेगळी. साक्ष समोर घडलेल्या गोष्टीची असते, शपथ उद्याची हमी देते, आणि उद्या आपल्या हातात नाही. तलवारीच्या कलमातही हीच रीत आहे. भल्याच्या रक्षणासाठी शस्त्र धरावं का? भांडणात न्यायाधीश व्हावं का? राज्यकारभार हाती घ्यावा का? प्रत्येक प्रश्नाला एकच कसोटी लावली आहे: या प्रसंगी येशू कसा वागला? वारशाची वाटणी करून द्यायला त्याने नकार दिला. लोक त्याला राजा करायला आले तेव्हा तो निघून गेला. उत्तरं सगळ्यांना पटतील असं नाही, पण ती शोधण्यात कुठेही आळस किंवा पळवाट नाही.

तीन महिन्यांत झाटलरला नेकार नदीकाठच्या रोटेनबुर्गमध्ये न्यायासनापुढे उभं केलं. आरोपांत एक होता की तुर्क चालून आले तर त्यांच्याशी लढू नये असं तो शिकवतो. त्या काळी तुर्कांची भीती घराघरात होती आणि एवढ्या एका वाक्यावर माणूस संपू शकत होता. झाटलरने ते नाकारलं नाही. आपण तुर्कांचा प्रतिकार करणार नाही हे तर त्याने सांगितलंच, वर असंही म्हणाला, की लढणं योग्य असतंच तर देवभीरू माणसांचा छळ करणाऱ्या तथाकथित ख्रिस्ती लोकांविरुद्ध आपण आधी उभे राहिलो असतो, कारण तुर्काला ख्रिस्ताची ओळखच नाही. पवित्र शास्त्राची पुस्तकं मागवा, विद्वान बोलवा, चूक दाखवली तर मी मागे घेईन, असं त्याने न्यायाधीशांना सुचवलं. ते हसले. त्याची जीभ कापली, तापलेल्या चिमट्यांनी अंगाचे लचके तोडले आणि मे 1527 मध्ये त्याला जाळलं. आगीत हातांचे दोर जळाले तेव्हा त्याने दोन बोटं वर केली. वेदना सोसवतात, असं मागे राहणाऱ्यांना कळवण्याची ती ठरलेली खूण होती. काही दिवसांनी मार्गारेथाला नेकारमध्ये बुडवलं. माघार घे, असं तिला पुन्हा पुन्हा विनवलं गेलं होतं.

मोरावियात एका गटाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. 1528 मध्ये निकोल्सबुर्गमधून बाहेर काढलेल्या लोकांनी वाटेत एक झगा जमिनीवर पसरला आणि प्रत्येकाने जवळ होतं ते त्यावर ठेवलं. पुढे याकोब हुटरच्या नावाने ओळखल्या गेलेल्या या हुटराइट वस्त्यांमध्ये शेती, कुंभारकाम, शाळा, दवाखाना सगळं सामाईक होतं. हुटरला 1536 मध्ये इन्सब्रुकमध्ये जाळलं, पण वस्त्या टिकल्या.

याच चळवळीत म्युन्स्टरही घडलं आणि ते झाकून ठेवणं अप्रामाणिकपणाचं होईल. 1534 मध्ये यान मथाइस आणि लायडनचा यान यांनी हे शहर ताब्यात घेतलं. देवाचं राज्य इथे उतरणार म्हणून बाप्तिस्मा नाकारणाऱ्यांना बाहेर हाकललं, बहुपत्नीत्व लादलं, विरोध करणाऱ्यांची मुंडकी उडवली. लायडनच्या यानने स्वतःला राजा म्हणवून घेतलं. जून 1535 मध्ये बिशपच्या फौजेने शहर घेतलं आणि पुढे तीन म्होरक्यांची प्रेतं पिंजऱ्यांत घालून सेंट लॅम्बर्ट चर्चच्या मनोऱ्याला टांगली. ते पिंजरे आजही तिथे आहेत. श्लाइटहाइमने जी तलवार खाली ठेवली होती ती म्युन्स्टरने उचलली. त्याची किंमत पुढची शंभर वर्षं नि:शस्त्र माणसांनी भरली, कारण कोणत्याही विणकराला पकडलं की त्याच्या माथी म्युन्स्टर मारता येत असे.

या विध्वंसातून उरलेल्यांना सावरलं ते मेनो सिमन्सने. तो फ्रीसलंडमधल्या विटमार्सुमचा कॅथलिक धर्मगुरू. 1531 मध्ये लीवार्डनला एका शिंप्याचा पुन्हा बाप्तिस्मा घेतल्याबद्दल शिरच्छेद झाला आणि मेनोच्या मनात प्रश्न उभा राहिला. पण प्रश्न पडूनही तो पाच वर्षं आपल्या पदावर, आपल्या उत्पन्नावर राहिला. 1535 मध्ये त्याच्याच भागातल्या काही शे माणसांनी एक मठ काबीज केला आणि तिथे ती मारली गेली. ही माणसं चुकली, पण जे त्यांना खरं वाटलं त्यासाठी मेली, आणि मला खरं ठाऊक असूनही मी सुखात बसलो आहे, हा सल त्याला झोपू देईना. जानेवारी 1536 मध्ये त्याने पद सोडलं. त्यानंतर पंचवीस वर्षं बायकामुलांसह तो गावोगाव लपत फिरला. 1542 मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने त्याच्या डोक्यावर शंभर गिल्डरचं इनाम लावलं. शेवटी होल्स्टाइनमधल्या एका सरदाराने त्याला आसरा दिला. तिथे कुबडीच्या आधाराने हिंडत त्याने आपली पुस्तकं छापून घेतली आणि 1561 मध्ये तिथेच तो वारला. मेनोनाइट हे नाव त्याच्यावरूनच पडलं.

या लोकांचं रोजचं वागणं इतकं ओळखू येण्यासारखं झालं, की तेच कोर्टात पुरावा म्हणून चालू लागलं. वुर्टेम्बर्गमधल्या वाइब्लिंगेन इथे 1562 मध्ये कास्पार झाखर नावाच्या माणसावर अ‍ॅनाबॅप्टिस्ट असल्याचा आळ आला. कोर्टाच्या दप्तरात नोंद आहे, की लोक त्याला तसा समजत नाहीत, कारण तो भांडखोर आहे, शिव्या देतो आणि हत्यार बाळगतो. शांत, निर्व्यसनी, शब्दाला जागणारा शेजारी असणं म्हणजे संशयाला जागा देणं, अशी ती वेळ होती.

लीवार्डनच्या एलिझाबेथ डर्क्सची चौकशी माझ्या मते या साऱ्या इतिहासाचा गाभा आहे. लहानपणापासून ती मठात वाढलेली, लॅटिन शिकलेली. लॅटिन नवा करार वाचून वाचून तिला मठातलं जगणं पटेना. दूध घालणाऱ्या बायकांच्या वेशात ती तिथून निसटली. जानेवारी 1549 मध्ये तिला पकडलं तेव्हा तिच्याजवळ तो लॅटिन ग्रंथ सापडला आणि शिपायांना वाटलं, आपल्या हाती मेनोची बायकोच लागली. चौकशीच्या सुरुवातीलाच तिला विचारलं, शपथेवर सांग, तुला नवरा आहे का? ती म्हणाली, शपथ घेणं आम्हाला योग्य नाही. आमचा होकार हाच होकार आणि नकार हाच नकार. मला नवरा नाही. मग विचारलं, कोणाकोणाला शिकवलंस? यावर तिचं तोंड उघडेना. माझ्या श्रद्धेविषयी विचारा, ते मी आनंदाने सांगेन, असं ती म्हणत राहिली. अंगठ्यांवर स्क्रू आवळले, नखांतून रक्त उडालं, तरी एकही नाव आलं नाही. या दोन उत्तरांमध्ये पूर्ण सुसंगती आहे. खोटं बोलायचं नाही हा नियम तिने पाळला आणि खरं सांगून दुसऱ्याचा जीवही घ्यायचा नाही हेही पाळलं. जिथे दोन्ही एकत्र जमत नव्हतं तिथे ती गप्प राहिली आणि त्या मौनाची शिक्षा तिने स्वतःच्या अंगावर घेतली. मार्चमध्ये तिला बुडवून मारलं.

मग 1569. हॉलंडमधल्या आस्पेरेन गावचा डर्क विलेम्स. त्याने घरात गुप्त सभा भरवल्या, दुसऱ्यांना बाप्तिस्मा द्यायला घर दिलं, म्हणून त्याचा पाठलाग सुरू झाला. हिवाळा सरत आलेला, पाण्यावर बर्फाचा थर. डर्क त्यावरून पळत सुटला आणि पलीकडे पोहोचला. मागे धावणारा शिपाई बर्फ फुटून पाण्यात पडला. डर्क परत फिरला आणि त्याने त्याला बाहेर काढलं. ही गोष्ट इथवर अनेकांना माहीत असते. पुढचा भाग क्वचित कोणी सांगतो. ज्याला वाचवलं तो शिपाई डर्कला सोडून द्यायला तयार होता. काठावरून नगराध्यक्ष कडाडला: तुझी शपथ आठव! आणि शिपायाने त्याला पकडलं. 16 मे रोजी डर्कला जाळलं. जोराचा पूर्वेचा वारा होता, ज्वाळा वरच्या अंगाला लागेनात, म्हणून मरण लांबलं. शेजारच्या लेर्डाममधल्या लोकांनी त्याचा 'हे प्रभू' असा आक्रोश सत्तरच्या वर वेळा ऐकला, अशी नोंद आहे.

श्लाइटहाइमच्या कलमाला याहून बोलकं भाष्य कोणी लिहिलेलं नाही. शपथ माणसाला उद्यासाठी बांधून ठेवते. तो उद्या येतो तेव्हा त्या माणसाचं मन बदललेलं असतं, त्याला दया सुचलेली असते, उपकार त्याच्या अंगावर अजून ओले असतात, पण त्याचे हात त्याचे राहिलेले नसतात. डर्कने कसलीही शपथ घेतलेली नव्हती. म्हणून तो त्या क्षणी मोकळ्या मनाने मागे फिरू शकला.

चार वर्षांनी, 1573 च्या शरद ऋतूत, अँटवर्पमध्ये गवंड्याची बायको मायकेन वेन्स हिला जाळलं. वाटेत ती बोलू नये म्हणून जिभेला लोखंडी स्क्रू लावला होता. तिचा पंधरा वर्षांचा मुलगा आद्रियान तीन वर्षांच्या भावाला घेऊन बाकावर उभा होता. आईला खांबाशी आणलेलं पाहून तो बेशुद्ध पडला. शुद्धीवर आल्यावर त्याने राख उपसून तो स्क्रू शोधून काढला आणि जपून ठेवला. अशा शेकडो हकिकती थीलेमान फान ब्राख्तने 1660 मध्ये 'मार्टर्स मिरर' या ग्रंथात एकत्र केल्या. 1685 च्या आवृत्तीत यान लुइकेनची 104 चित्रं आली. बर्फावर वाकून हात देणारा डर्क त्यात आहे, राख उपसणारा आद्रियानही.

छळ सोसणारे सगळे आपसात प्रेमळच राहिले असं मात्र नाही. चुकलेल्या सभासदाला बाहेर काढण्याचा, त्याच्याशी व्यवहार तोडण्याचा नियम त्यांच्यात होता. नवऱ्याला बहिष्कृत केलं तर बायकोने त्याच्याबरोबर जेवावं की नाही, एका छताखाली राहावं की नाही, यावर मेनोच्या हयातीतच कडू भांडणं झाली आणि 1560 च्या दशकात डच मंडळ्या फ्लेमिश आणि फ्रीशियन अशा गटांत फुटल्या. दोन्ही बाजूंनी एकमेकांना बहिष्कृत केलं. ज्यांनी शासनाची तलवार नाकारली त्यांनी बहिष्काराचं हत्यार इतक्या कठोरपणे चालवावं, हे मला त्यांच्या इतिहासातलं सर्वांत दुःखाचं पान वाटतं. मंडळी शुद्ध ठेवण्याच्या नादात घरं मोडली.

पण डच भूमीतच त्यांना पहिला मोकळा श्वास मिळाला. स्पेनविरुद्ध लढणाऱ्या ऑरेंजच्या विल्यमला 1572 मध्ये मेनोनाइटांनी हजारावर गिल्डर गोळा करून दिले. स्वतः शस्त्र धरलं नाही, पण देशाचा भार उचलायला ते तयार होते. 1577 च्या जानेवारीत मिडलबर्गच्या अधिकाऱ्यांनी नागरिकत्वाची शपथ न घेणाऱ्या मेनोनाइटांची दुकानं बंद पाडली, तेव्हा विल्यमने त्यांना लेखी कळवलं: ही माणसं करांचा आणि इतर जबाबदाऱ्यांचा वाटा उचलत आहेत, त्यांचा 'होय' शपथेच्या ठिकाणी मानावा, आणि तो मोडणाऱ्याला खोट्या शपथेचीच शिक्षा द्यावी. डर्क विलेम्सला जाळून आठ वर्षंही झाली नव्हती. पुढे डच कायद्यात मेनोनाइट माणूस आपल्या सचोटीच्या शब्दावर साक्ष देई आणि तो शब्द चाले. स्वित्झर्लंडमध्ये मात्र छळ चालूच राहिला. झ्युरिकने 1614 मध्ये हान्स लांडिसचा शिरच्छेद केला.

पुढची कहाणी स्थलांतरांची आहे. रशियाच्या कॅथरीन राणीने सैनिकी सेवेतून दिलेल्या सवलतीवर मेनोनाइट 1789 च्या सुमारास नीपर नदीकाठी खोर्तित्सा इथे वसले. 1874 च्या भरती-कायद्याने ती सवलत डळमळली तेव्हा सुमारे 18 हजार लोकांनी घरदार विकून उत्तर अमेरिका गाठली. तिथेही कसोटी टळली नाही. पहिल्या महायुद्धात जोसेफ आणि मायकेल होफर हे हुटराइट भाऊ सैनिकी गणवेश घालायला तयार नव्हते म्हणून अल्काट्राझच्या अंधारकोठडीत टाकले गेले आणि 1918 च्या अखेरीस फोर्ट लेव्हनवर्थच्या तुरुंगात मेले. जोसेफने जिवंतपणी जो गणवेश अंगाला लावला नाही तोच त्याच्या प्रेतावर चढवलेला त्याच्या बायकोने पाहिला.

आपल्याकडे मेनोनाइट आले ते दुष्काळाच्या निमित्ताने. 1897 च्या दुष्काळात जॉर्ज लॅम्बर्ट हा अमेरिकी मेनोनाइट मदत घेऊन आला. 1899 मध्ये त्याच्यामागून आलेल्यांनी रायपूर जिल्ह्यात धमतरीला मुक्काम केला. तो मुलूख तेव्हा मध्य प्रांतात होता आणि त्याचा कारभार नागपुरातून चाले. लगेच पुन्हा भीषण दुष्काळ पडला. अनाथ मुलं, कुष्ठरोगी, मग शाळा आणि दवाखाना, असं त्यांचं काम वाढत गेलं. धमतरीचं ख्रिश्चन हॉस्पिटल आजही चालू आहे. तेलंगणात नलगोंडा भागात तर रशियातून आलेल्या मेनोनाइट ब्रदरन मंडळींनी दहा वर्षं आधीच काम सुरू केलं होतं.

झ्युरिकच्या रिफॉर्म्ड चर्चने 2004 मध्ये या हत्यांची जाहीर कबुली दिली. फेलिक्स मान्ट्स आणि इतरांना जिथे बुडवलं त्याच्या जवळ लिमाटच्या काठी आता त्यांच्या नावांचा फलक आहे.

शपथेचा प्रश्नही निरनिराळ्या वाटांनी सुटत गेला. इंग्लंडमध्ये क्वेकर पंथाच्या लोकांनी तोच आग्रह धरला आणि 1696 मध्ये त्यांच्यासाठी शपथेऐवजी दृढकथनाचा, म्हणजे शपथ न घेता गंभीरपणे शब्द देण्याचा, कायदा झाला. आपल्याकडे 1840 च्या कायद्याने हिंदू आणि मुसलमान साक्षीदारांची गंगाजल आणि कुराणावरच्या शपथेतून सुटका केली, त्यामागची कारणं वेगळी होती. भारताच्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्यापासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांसाठी दोन पर्याय शेजारी शेजारी छापलेले आहेत: ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन. आणि 1969 च्या शपथ अधिनियमानुसार कोर्टात उभा राहणारा कोणताही साक्षीदार शपथ न घेता दृढकथन करू शकतो. त्यासाठी त्याला कारण सांगावं लागत नाही.